एकांतसाधना : मानरेसापासून लोणावळ्यापर्यंत

मनुष्याच्या आयुष्यांत कधीं ना कधीं असा प्रसंग येतो कीं, चारचौघांच्या सल्ल्यानें त्याचें समाधान होत नाहीं. कांहीं दिवस घरदार, व्यवहार आणि बोलणें बाजूस ठेवून आपल्याच मनाशीं बसावें, असें त्यास वाटूं लागतें. महाराष्ट्रास ही गोष्ट नवी नाहीं. तुकोबांचा भंडाऱ्याचा डोंगर आणि समर्थांची टाकळी हीं नांवें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. परंतु संताला जें डोंगरावर एकट्यानें साधतें, तें शेतकरी, कोळी, कारकून किंवा चूल सांभाळणारी गृहिणी यांनीं आठ दिवसांच्या सवडींत कसें साधावें ? या प्रश्नाचें उत्तर म्हणून रोमन कॅथलिक पंथांत एक संस्था उभी राहिली. वसई-मुंबईकडील ख्रिस्ती कुटुंबांत जिला 'रिट्रीट' म्हणतात, ती हीच. तिला मराठींत एकांतसाधना, आणि तिच्यासाठीं बांधलेल्या घरांना साधनागृहें म्हणतां येईल. या संस्थेचा इतिहास हा मुख्यतः एका लहानशा नियमाचा इतिहास आहे. साधना देणाऱ्यानें साधकाच्या आणि देवाच्या मध्यें उभें राहूं नये, हा तो नियम. दिसावयास तो अगदीं साधा. परंतु पाळावयास जवळजवळ पांचशें वर्षें कठीणच ठरला आहे.

या नियमाचा उगम एका शिपाईगड्याच्या आजारपणांत आहे. स्पेनच्या उत्तरेस, बास्क लोकांच्या मुलखांत, लोयोला नांवाची गढी आहे. तेथील सरदारघराण्यांत १४९१ सालीं इनिगो जन्मला. इग्नाशियस लोयोला म्हणून जग त्यास पुढें ओळखूं लागलें. तरुणपण त्यानें दरबारी थाटांत, तलवारबाजींत आणि मानापमानाच्या कल्पनांत घालविलें. २० मे १५२१ रोजीं पांप्लोनाचा किल्ला फ्रेंचांशीं लढवीत असतां तोफेचा गोळा लागून त्याचा एक पाय मोडला व दुसरा जखमी झाला. मोडलेलें हाड वेडेंवांकडें जुळलें आणि गुडघ्याखालीं एक उंचवटा राहिला. आतां घट्ट, उंची बूट घालतां येणार नाहींत, या एका विवंचनेपायीं त्यानें तो उंचवटा करवतीनें कापून घेतला ! दिसण्याचा तो इतका भोक्ता होता.

बिछान्यावर पडल्यापडल्या त्यानें वीरांच्या प्रेमकथा वाचावयास मागितल्या. त्या घरांत नव्हत्या. मिळालें तें एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतचरित्रांचा संग्रह. वाचून कंटाळा आला म्हणजे तो स्वस्थ विचार करीत राही. कधीं एका थोर कुळांतील स्त्रीच्या सेवेंत पराक्रम गाजविण्याचीं स्वप्नें पाही, तर कधीं संतांप्रमाणें अनवाणी यरुशलेमेस जाण्याचीं. दोन्ही स्वप्नें चालूं असतांना गोडच वाटत. परंतु पहिलें ओसरल्यावर मन कोरडें व उदास होई. दुसरें ओसरल्यावरही प्रसन्नता मागें उरे. एके दिवशीं हा फरक त्याच्या ध्यानांत आला. विचार कोणता आहे एवढेंच न पाहतां, तो जातांना मागें काय ठेवून जातो हेंही पाहावें, हा धडा त्यास कोणा पंडितानें दिला नव्हता. पुढील सर्व पद्धतीचें बीज या एका निरीक्षणांत आहे.

१५२२ च्या आरंभीं तो घराबाहेर पडला. मोन्तसेरातच्या डोंगरावरील मठांत मार्चच्या २४ तारखेची रात्र त्यानें मेरीमातेच्या वेदीपुढें जागून काढली. तलवार आणि खंजीर त्यानें तेथेंच ठेविले, आणि अंगावरील उंची कपडे एका भिकाऱ्यास देऊन टाकले. पुढें तोच भिकारी चोर समजून पकडला गेल्याचें कळलें, तेव्हां इग्नाशियसच्या डोळ्यांस पाणी आलें. मोन्तसेरातहून जवळच कार्दोनेर नदीच्या कांठीं मानरेसा हें गांव आहे. थोडे दिवस राहावें म्हणून तो तेथें गेला, आणि दहा-अकरा महिने राहिला.

भिक्षा मागावी, तासच्या तास प्रार्थना करावी, नदीकांठच्या गुहेंत बसावें, असा त्याचा क्रम चालूं झाला. पूर्वी केंस नीटनेटके ठेवण्याची त्यास फार आवड, म्हणून आतां केंस व नखें मुद्दाम वाढविलीं. परंतु शांतीऐवजीं भलतेंच पदरीं पडलें. झालेल्या पापांचें निवेदन पुनःपुन्हां करूनही कांहीं तरी सांगावयाचें राहिलें, ही टोंचणी जाईना. जीव द्यावा, असाही विचार येऊं लागला. शांति मिळेपर्यंत अन्नास शिवावयाचें नाहीं असा हट्ट धरून त्यानें एक आठवडा उपास केला. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूनें उपास सोडण्याची आज्ञा केली आणि त्यानें ती मानली. ही टोंचणी देवाकडून आलेली नव्हे, हें पुढें त्यास उमगलें. मग जुनीं पापें उकरून काढणें त्यानें थांबविलें. केंस व नखेंही कापलीं. पुढें एके दिवशीं नदीकांठीं बसला असतां त्याच्या बुद्धीस असा उजेड लाभला कीं, बासष्टाव्या वर्षापर्यंत मिळविलेलें सर्व ज्ञान एकत्र केलें तरी त्या एका प्रसंगाची बरोबरी होणार नाहीं, असें तो वृद्धपणीं सांगे. शाळामास्तर मुलास शिकवितो, तसें त्या काळीं देवानें आपणास शिकविलें, असेंही त्यानें आत्मवृत्तांत नमूद करून ठेविलें आहे.

मानरेसास त्यानें कांहीं टिपणें केलीं. त्यांत भर पडत पडत जें पुस्तक सिद्ध झालें, त्याचें नांव 'आध्यात्मिक व्यायाम'. चालणें आणि धांवणें हे जसे शरीराचे व्यायाम, तसे हे आत्म्याचे, असा त्याचा खुलासा ग्रंथारंभींच आहे. हें वाचण्याचें पुस्तक नव्हे. कादंबरीप्रमाणें तें हातीं घेणाऱ्याची निराशाच होईल. कारण तालमींतील वस्तादाच्या वहींत जशा सूचना असाव्या, तशा यांत सूचना आहेत. सारा क्रम चार 'आठवड्यांचा', म्हणजे सुमारें तीस दिवसांचा आहे. पहिल्यांत मनुष्यजन्माचें प्रयोजन आणि स्वतःचीं पापें; दुसऱ्यांत ख्रिस्ताचें जीवन; तिसऱ्यांत त्याचें दुःखभोग आणि मरण; चौथ्यांत पुनरुत्थान. दिवसांतून चारपांच वेळां एकेक तास ध्यान करावयाचें असतें. ध्यानापूर्वी स्थळ डोळ्यांपुढें उभें करावयाचें : नाझरेथहून बेथलेहेमास जाणारा रस्ता केवढा लांब, केवढा रुंद, सपाट कीं चढउताराचा, हें सर्व मनानें पाहावयाचें.

या व्यायामांतील कांहीं उदाहरणें कोणासही विचार करावयास लावतील अशीं आहेत. तिघां माणसांस प्रत्येकीं दहा हजार सुवर्णनाणीं मिळालेलीं आहेत, परंतु तीं निव्वळ देवाच्या प्रेमाखातर मिळविलेलीं नसल्यामुळें मनाला बोंचतात. पहिला म्हणतो, हा लोभ सुटला पाहिजे; पण मरेपर्यंत उपाय करीत नाहीं. दुसरा म्हणतो, लोभ सुटावा, मात्र पैसा राहावा. तिसरा म्हणतो, पैसा ठेवावा कीं सोडावा हेंच देवाच्या इच्छेवर सोपवूं. आपण यांपैकीं कोण, हें साधकानें स्वतःशीं ठरवावयाचें. तसेंच, आयुष्यांतील मोठा निर्णय करतांना अशी कल्पना करावी कीं, पूर्वी कधीं न पाहिलेला एक मनुष्य हाच प्रश्न घेऊन आला आहे. त्यास आपण जो सल्ला देऊं, तोच स्वतः पाळावा. आणि मन खचलेलें असतांना पूर्वी केलेला निश्चय बदलूं नये, हाही एक नियम आहे. आजारपणांत स्वतःच्या मनाचे चढउतार मोजलेल्या माणसालाच असा नियम सुचावा.

परंतु ग्रंथाचें खरें वैशिष्ट्य प्रारंभींच्या वीस सूचनांत आहे. साधना करविणाऱ्यास येथें गुरु म्हटलेलें नाहीं. त्यास नुसतें 'देणारा' म्हटलें आहे. त्यानें विषय थोडक्यांत सांगावा आणि बाजूस व्हावें. कारण साधकास स्वतः जें थोडें गवसेल, त्याची गोडी दुसऱ्याच्या लांबलचक व्याख्यानापेक्षां अधिक. साधकानें संन्यास घ्यावा कीं संसार करावा, याविषयीं देणाऱ्यानें एका बाजूस झुकूं नये. तराजूच्या कांट्याप्रमाणें मध्यें स्थिर राहावें, आणि उत्पन्नकर्त्यास आपल्या लेकराशीं स्वतःच व्यवहार करूं द्यावा. साधकाचें वय, शिक्षण आणि शक्ति पाहून क्रम बदलावा. ज्यास घरदार सोडणें शक्य नाहीं, त्यानें व्यवसाय सांभाळून रोज दीड तास काढावा, अशीही तरतूद आहे.

हें सर्व लिहिणारा मनुष्य त्या वेळीं ना दीक्षित होता ना पदवीधर. म्हणून संशय येणें स्वाभाविक होतें. यरुशलेमची यात्रा करून आल्यावर वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं तो बार्सिलोनास मुलांच्या पंक्तीस बसून लॅटिन शिकला. पुढें आल्काला येथें शिकत असतां तो स्त्री-पुरुषांस हे व्यायाम देऊं लागला, तेव्हां धर्माधिकाऱ्यांनीं चौकशी करून त्यास १५२७ सालीं बेचाळीस दिवस तुरुंगांत ठेविलें. त्याच वर्षीं सालामांका येथें पुन्हां बावीस दिवस तुरुंग घडला. टिपणें तपासलीं गेलीं. चूक निघाली नाहीं. परंतु आणखी चार वर्षें शिकल्यावांचून पापांच्या लहानथोरपणाविषयीं बोलूं नये, असा निर्बंध पडला. त्यानें वाद घातला नाहीं. एका गाढवावर पुस्तकें लादून तो पॅरिसकडे चालूं लागला.

पॅरिसमध्यें त्याच्या खोलींत दोन सोबती होते : सव्हॉयच्या डोंगरांत मेंढरें राखलेला पिएर फाव्र, आणि नाव्हाराचा उमदा फ्रान्सिस झेवियर. १५३४ च्या हिवाळ्यांत फाव्र एकांतास बसला. सेन नदी गोठली होती. फाव्रनें सहा दिवस अन्न घेतलें नाहीं आणि खोलींत शेगडीही पेटविली नाहीं. इग्नाशियसनें येऊन त्यास जेवावयास आणि शेगडी पेटवावयास लावलें. मानरेसास स्वतःला मिळालेली आज्ञाच त्यानें मित्रास दिली. पुढें हे व्यायाम देण्यांत सर्वांत निष्णात कोण असें विचारलें असतां, इग्नाशियस फाव्रचें नांव प्रथम घेई. झेवियरही त्याच वर्षीं एकांतास बसला. ६ मे १५४२ रोजीं गोव्याच्या धक्क्यावर उतरलेला झेवियर या साधनेंतून तयार झाला होता. पश्चिम किनाऱ्याशीं या इतिहासाचा पहिला संबंध तोच. येशुसंघास पोप तिसरा पॉल यानें १५४० सालीं मान्यता दिली, आणि ३१ जुलै १५४८ रोजीं 'व्यायाम' या पुस्तकासही. बरोबर आठ वर्षांनीं, त्याच तारखेस, इग्नाशियस वारला.

येथवर साधना एकास एक अशी होती. परंतु शेंकडों माणसें येऊं लागलीं, तर तितके 'देणारे' आणावे कोठून ? या अडचणींतून साधनागृहें जन्मास आलीं. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांत व्हान येथें १६६० नंतरच्या कांहीं वर्षांत, धर्मशिक्षणालयासाठीं बांधलेली एक इमारत एकांतसाधनेसाठीं मोकळी झाली. व्हँसां हुबी हा जेझुइट धर्मगुरु तिचा चालक होता. सर्व थरांतील पुरुष तेथें आठ आठ दिवस एकत्र राहूं लागले. ज्यांना वाचतां येत नव्हतें, त्यांच्यासाठीं हुबीनें मनुष्याच्या हृदयाचीं चित्रें काढविलीं. हृदयांत काय शिरतें आणि काय बाहेर जातें, हें चित्रावरून समजावून दिलें जाई. स्त्रियांना या घरांत प्रवेश नव्हता; म्हणून कातरीन द फ्रांशव्हील या स्त्रीनें आपलें द्रव्य खर्चून त्याच गांवीं स्त्रियांसाठीं वेगळें साधनागृह उभें केलें. लाभ उघड होता. पूर्वी मूठभर सुशिक्षितांस मिळालेली गोष्ट निरक्षरांपर्यंत पोंचली. हानिही तितकीच उघड होती. समुदाय आला कीं प्रवचन आलें, आणि प्रवचन आलें कीं 'देणारा' व्यासपीठावर चढला. तराजूचा कांटा दिसेनासा झाला.

पुढील शतकांत संकट आलें तें निराळेंच. १७६७ सालीं स्पेनच्या राजानें आपल्या सर्व राज्यांतून जेझुइटांस हांकलून दिलें, आणि १७७३ सालीं पोपनें तो संघच बरखास्त केला. आतां साधना कोण देणार ? दक्षिण अमेरिकेंत, आजच्या आर्जेंटिनाच्या भूमींत, मारिया आन्तोनिया द पास इ फिगेरोआ नांवाची एक अविवाहित स्त्री होती. लोक तिला ममा आन्तुला म्हणत. तिनें अनवाणी, हातीं क्रूस घेऊन, गांवोगांव हिंडून ही साधना चालूं ठेविली. पाद्री गांठावे, घर मिळवावें, शिधा मागून आणावा, आणि माणसें जमवावीं, हा तिचा उद्योग होता. १७७९ सालीं ती ब्वेनोस आयरेस शहरीं पोंचली. हांकललेल्या संघाचें काम करणारी बाई म्हणून व्हाइसरॉयनें तिला परवानगी नाकारली. तिनें धीर सोडला नाहीं. अखेर १७९५ सालीं तिनें त्या शहरांत बांधविलेलें साधनागृह अद्याप उभें आहे. तिच्याकडे श्रीमंत आणि गरीब एका छपराखालीं राहात, आणि ज्या समाजांत गुलाम विकत मिळत, त्या समाजांत ही लहान गोष्ट नव्हती. ती १७९९ सालीं वारली. ११ फेब्रुवारी २०२४ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं तिला संतपद दिलें. पुस्तक लिहिणारा संघ नाहींसा झाला, तरी साधना टिकली, आणि ती एका दीक्षा नसलेल्या स्त्रीनें टिकविली. आल्कालाच्या न्यायाधीशांस यांतून पुष्कळ शिकण्यासारखें होतें.

१८१४ सालीं संघ पुन्हां स्थापन झाला. त्याचा प्रमुख यान रोथान यानें १८३५ सालीं मूळ स्पॅनिशवरून नवें लॅटिन भाषांतर करून, पुस्तक मुळाबरहुकूम वापरण्याचा आग्रह धरला. गिरण्या आणि खाणी वाढल्या, तसा कामगारांचा प्रश्न पुढें आला. बेल्जममध्यें फेत येथें १८९१ सालीं कामगारांसाठीं साधनागृह निघालें. अमेरिकेंत न्यूयॉर्कच्या स्टॅटन बेटावर १९११ सालीं 'माउंट मानरेसा' उघडलें. शनिवार-रविवारच्या सुटींत कारकून, दुकानदार आणि मजूर तेथें मौन धरून राहूं लागले. पोप अकरावा पायस यानें १९२२ सालीं इग्नाशियसला सर्व एकांतसाधनांचा आश्रयदाता संत ठरविलें, आणि १९२९ सालीं या विषयावर स्वतंत्र परिपत्रक काढलें. परंतु घरें कायमचीं नसतात. स्टॅटन बेटावरील तें घर एका शतकानंतर, २०१३ सालीं, विकलें गेलें, आणि पुढल्याच वर्षीं पाडलें गेलें.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, प्रवाह पुन्हां उगमाकडे वळला. प्रवचनांचा भार कमी करून, साधकास रोज एकदां एकट्यास भेटावें, त्याचें ऐकावें आणि पुढील ध्यानाचा विषय द्यावा, ही जुनी रीत पुन्हां रूढ झाली. वेल्समधील सेंट ब्यूनोज हें जुनें धर्मशिक्षणालय १९८० सालीं अशा साधनेचें केंद्र झालें.

याच वळणावर महाराष्ट्राचा संबंध येतो. १९३१ सालीं मुंबईंत जन्मलेले अँथनी डिमेलो १९४७ मध्यें येशुसंघांत दाखल झाले. तत्त्वज्ञान शिकण्यास ते मानरेसाच्या शेजारच्या बार्सिलोनास गेले. पुढें त्यांनीं पुण्याच्या डी नोबिली महाविद्यालयांत एक संस्था काढली. ती १९७८ सालीं लोणावळ्यास गेली आणि 'साधना' या नांवानें प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं निघालेल्या 'साधना' या त्यांच्या पुस्तकाचा आरंभ पापचिंतनानें होत नाहीं. आधीं स्वस्थ बसावें, मौन ऐकावें, श्वास येतो-जातो तो पाहावा, हा त्यांचा पहिला पाठ. पूर्वेच्या ध्यानपद्धतीची आणि मानरेसाच्या व्यायामांची अशी गांठ सह्याद्रीच्या माथ्यावर पडली. डिमेलो १९८७ सालीं वारले. १९९८ सालीं रोमच्या धर्मसिद्धांत-मंडळानें त्यांच्या कांहीं मतांविषयीं, विशेषतः उत्तरकालीन लेखनाविषयीं, इशारा प्रसिद्ध केला. आरंभीचें लेखन मात्र सामान्यतः ख्रिस्ती परंपरेच्या मर्यादेंतच आहे, असेंही त्यांत म्हटलें. सालामांकाच्या चौकशीची येथें आठवण झाल्यावांचून राहात नाहीं.

कोणी म्हणेल, हें स्वातंत्र्याचें गुणगान एकांगी आहे. आक्षेपांत तथ्य आहे. त्याच पुस्तकाच्या अखेरीस असाही एक नियम आहे कीं, आपणास जें पांढरें दिसतें, तें धर्मसंस्थेनें काळें ठरविलें तर काळेंच मानण्यास तयार असावें. साधकास देवाशीं एकटें सोडणारा आणि संस्थेपुढें डोळेही बाजूस ठेवावयास सांगणारा, असे दोन्ही आवाज एकाच लेखकाचे आहेत. त्यांपैकीं एक गाळून दुसराच सांगणें, हें इतिहासकाराचें काम नव्हे. तसेंच, केरळांतील मुरिंगूर येथें हजारों माणसें एका मंडपांत आठवडाभर प्रार्थना व प्रवचनें करतात, त्यांनाही कमी लेखण्याचें कारण नाहीं. जो एकट्यानें बसूं शकत नाहीं, त्याला समुदायाचा आधार लागतो, हें व्हानच्या धर्मगुरूनें तीनशें वर्षांपूर्वी ओळखलें होतें.

तथापि एक गोष्ट या सर्व कथेंतून निश्चित दिसते. इमारती आल्या आणि गेल्या. संघ मोडला आणि पुन्हां जोडला गेला. प्रवचनांची तऱ्हा दर पिढीस बदलली. टिकलें तें शिकविणाऱ्याच्या संयमाचें तत्त्व. गोठलेल्या खोलींत बसलेल्या फाव्रला इग्नाशियसनें तुला काय दिसलें पाहिजे, हें सांगितलें नाहीं. त्यानें शेगडी पेटवावयास लावली, जेवूं घातलें, आणि मग पुन्हां त्याला एकटें सोडलें. साधनागृह लहान असो वा मोठें, मानरेसाच्या गुहेशेजारीं असो वा लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर, त्यानें एवढें केलें म्हणजे त्याचें काम झालें.